दर्यावरील परवाना

भाईंदरच्या धक्क्यावरून वसईस जाणारी रो-रो बोट फेब्रुवारी २०२४ मध्यें सुरू झाली, तेव्हां खाडीच्या दोन्ही तीरांवरील लोकांस समाधान वाटलें व तें साहजिकच होतें. जेथें घोडबंदरावरून महामार्गाचा वळसा घेतांना गाड्यांच्या रांगेंत तिष्ठत बसावें लागे, तेथें आतां मोटार बोटीवर चढवून थोडक्याच वेळांत पैलतीर गांठतां येतें. या बोटीच्या कठड्याशीं उभें राहिलें म्हणजे समोर वसईच्या किल्ल्याचा तट दिसतो आणि पश्चिमेच्या अंगास उत्तन-चौकची टेकडी दिसते. तिच्यावर धारावीच्या किल्ल्याचे अवशेष आहेत. बोटींतील उतारू बहुधा हातांतल्या मोबाइलकडे पाहत असतो, आणि त्यास आम्ही दोष देत नाहीं. पण ज्या पाण्यावरून तो तिकीट काढून निर्धास्त जातो, त्या पाण्यावरून माल न्यावयाचा तर परक्या दरबारचा लेखी परवाना जवळ बाळगावा लागे, असा काळ येथें दोनशें वर्षें होता. तो संपल्यावर जो दुसरा काळ आला, त्यांत परवान्याचा कागद दिसेनासा झाला, तरी मनाई अधिकच पक्की झाली. हा दुसरा काळ इंग्रजांचा. त्याची हकीकत आमच्या व्यापारी वाचकांनीं नीट समजून घ्यावी अशी आमची इच्छा आहे. कारण ऑगस्ट २०२५ मध्यें आपल्या संसदेनें किनारी जहाजवाहतुकीचा जो नवा कायदा मंजूर केला, त्याचें बरेंवाईट या हकीकतीवांचून कळणें कठीण आहे.

पहिल्या काळाविषयीं थोडक्यांत सांगतों. २३ डिसेंबर १५३४ रोजीं गुजराथचा सुलतान बहादूरशहा यानें पोर्तुगीजांशीं तह केला व वसई आणि तिच्या ताब्यांतील मुलूख त्यांच्या स्वाधीन केला. मुलूख गेल्याचें दुःख पुष्कळांनीं पुष्कळ केलें आहे. पण व्यापाऱ्यास झोंबणारीं कलमें त्या तहांत निराळींच होतीं. तांबड्या समुद्राकडे जाणाऱ्या गुजराथी जहाजांनीं आधीं वसईस येऊन परवाना घ्यावा, परततांना वसईसच जकात भरावी, आणि सुलतानानें आपल्या बंदरांत लढाऊ जहाजें बांधूं नयेत, असें ठरलें. या परवान्यास पोर्तुगीज लोक 'कार्ताझ' म्हणत. तो जवळ नसलेलें जहाज सांपडलें तर मालासकट जप्त होई; आणि मिरीसारखा कांहीं माल तर परवाना असूनही नेण्याची मनाई असे. समुद्रास कुंपण घालतां येत नाहीं असें म्हणतात. पोर्तुगीजांनीं तें कागदानें व तोफेनें घातलें होतें.

हें कुंपण मोडण्याची अक्कल आपल्या लोकांत नव्हती असें मात्र नाहीं. कान्होजी आंग्र्यानें स्वतःचें दस्तक सुरू केलें, व कोंकणकिनाऱ्यानें जाणाऱ्या परक्या गलबतांनीं तें घ्यावें असा आग्रह धरला. मुंबईचे इंग्रज स्वतः व्यापाऱ्यांस पास देत, तो कायदा. कान्होजीनें दिला, ती चांचेगिरी! १७१७ पासून १७२१ पर्यंत इंग्रजांनीं विजयदुर्गावर, खांदेरीवर आणि अखेर पोर्तुगीजांस बरोबर घेऊन कुलाब्यावर चाल केली. तिन्ही वेळां हात हलवीत परत गेले. पुढें चिमाजी आप्पांच्या मोहिमेंत १७३७ मध्यें साष्टी मराठ्यांकडे आली, मार्च १७३९ मध्यें धारावीचा किल्ला पडला, आणि खाडीच्या तोंडावरची ही किल्ली हातीं आल्यावर मे महिन्यांत वसई पडली. हा पराक्रम आमच्या शाळांतून शिकवितात. पण त्याच पेशव्यांच्या घराण्यानें अवघ्या सतरा वर्षांनीं, फेब्रुवारी १७५६ मध्यें, तुळाजी आंग्र्याचा माज उतरविण्यासाठीं इंग्रजांचें साह्य घेतलें, आणि विजयदुर्गच्या बंदरांत मराठ्यांचेंच आरमार जळून राख झालें, हें शिकवितांना गुरुजींचा आवाज खालीं येतो. तुळाजी उन्मत्त होता, त्यास शासन होणें जरूर होतें, हें सर्व आम्हांस मान्य आहे. घरांतील भांडणासाठीं शेजाऱ्याकडून घर पेटवून घेणें मात्र कोणत्या राजनीतींत बसतें, हें आम्हांस अद्याप कळलेलें नाहीं. पुढें अठरा वर्षांनीं, डिसेंबर १७७४ मध्यें, इंग्रजांनीं ठाणें घेतलें, साष्टी घेतली, व तिच्याबरोबर भाईंदर, उत्तन, राई, मुर्धे हे सगळे गांव त्यांच्या अमलाखालीं गेले. १७८२ च्या सालबाईच्या तहानें त्यावर शिक्कामोर्तब झालें.

ज्या राष्ट्राच्या अमलाखालीं हे गांव गेले, त्याचा दर्यावरील कायदा तोंपर्यंत सव्वाशें वर्षांचा जुना झाला होता. सन १६५१ मध्यें, म्हणजे राजा पहिला चार्ल्स याचा शिरच्छेद करून जें पार्लमेंट कारभार पाहत होतें त्याच्या अमदानींत, हा कायदा प्रथम झाला. त्या वेळीं युरोपांतील मालाची ने-आण बहुतेक डच लोकांच्या हातीं होती; त्यांचीं जहाजें स्वस्त, भाडीं कमी. इंग्रजांनीं आपलीं जहाजें स्वस्त करण्याची वाट पाहिली नाहीं. आशिया, आफ्रिका व अमेरिका येथील माल इंग्लंडांत यावयाचा तर तो इंग्रजी जहाजांतूनच आला पाहिजे, असें त्यांनीं ठरवून टाकलें. दुसऱ्याच वर्षीं त्यावरून डचांशीं लढाई जुंपली. १६६० मध्यें राजा परत आला, राज्यपद्धति बदलली, पण हा कायदा बदलला नाहीं. उलट अधिक कडक झाला. जहाज इंग्रजांच्या मालकीचें पाहिजे, कप्तान इंग्रज पाहिजे, आणि दर चार खलाशांपैकीं तीन इंग्रज पाहिजेत. वसाहतींतील साखर, तंबाखू, कापूस, नीळ हे जिन्नस इंग्लंडाखेरीज किंवा इंग्रजी वसाहतींखेरीज कोठेंही पाठवावयाचे नाहींत. १६६३ मध्यें उलट बाजूही बंद केली: युरोपांतून वसाहतींस जाणारा माल आधीं इंग्लंडांत उतरवावयाचा, तेथें कर द्यावयाचा, मग पुढें न्यावयाचा. ज्या दुसऱ्या चार्ल्स राजाच्या कारकीर्दींत हें झालें, त्याच राजास लग्नांत मुंबई आंदण मिळाली, हेंही वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

या कायद्याचा अर्थ आपल्या व्यवहारांत उतरवून पाहूं. अशी कल्पना करा कीं, भाईंदरच्या आगरांतलें मीठ केवळ वसईकरांच्या मचव्यांतूनच भरावें. तें सुरतेस पाठवावयाचें असलें तरी आधीं वसईच्या धक्क्यावर उतरवावें, तेथें जकात भरावी, हमाली भरावी, वसईच्या अडत्याची दलाली भरावी, आणि मग पुन्हां वसईच्याच मचव्यांत भरून सुरतेस न्यावें. आणि सुरतेचें कापड भाईंदरास हवें असेल तर त्यानेंही याच वाटेनें यावें, असा हुकूम सुटला. दहा वर्षांत वसईच्या धक्क्यावर वखारी उठतील, सुतारांस काम पुरणार नाहीं, आणि भाईंदरचा मचवेवाला वसईकराच्या मचव्यावर मजुरीनें जाऊं लागेल. मग वसईकर म्हणेल कीं, आमचे लोक जात्याच दर्यावर्दी आहेत! इंग्लंडच्या दर्यावर्दीपणांत पराक्रम मुळींच नव्हता असें आम्ही म्हणत नाहीं. पण त्या पराक्रमास कायद्याचें खतपाणी होतें. मक्तेदारीचा पक्का वैरी जो अर्थशास्त्री अ‍ॅडम स्मिथ, त्यानेंसुद्धां १७७६ च्या आपल्या ग्रंथांत या कायद्यानें व्यापाराचें नुकसान होतें हें कबूल करूनही देशरक्षणाच्या दृष्टीनें त्याची वाहवा केली आहे. त्याच सालीं अमेरिकेंतील तेरा वसाहतींनीं स्वातंत्र्य पुकारलें, व राजाविरुद्धच्या आपल्या गाऱ्हाण्यांत जगाशीं चालणारा आपला व्यापार तोडल्याचें गाऱ्हाणें नमूद केलें. एकाच कायद्याची वाहवा व त्याचें गाऱ्हाणें एकाच वर्षीं लिहिलें गेलें. कोण कोणत्या धक्क्यावर उभा आहे, यावर मत ठरतें.

हिंदुस्थानांत या कायद्यास कंपनीच्या मक्त्याची जोड मिळाली. १८१३ पर्यंत विलायतेशीं व्यापार करण्याचा हक्क ईस्ट इंडिया कंपनीकडेच होता, व तिचीं भाड्यानें घेतलेलीं जहाजें लंडनांतील ठराविक मालकांचीं असत. तरीही येथील कारागिरी मेली नव्हती. सुरतेहून १७३६ मध्यें आणविलेले लवजी नसरवानजी वाडिया व त्यांचे वंशज यांनीं मुंबईच्या गोदींत मलबारी सागवानाचीं अशीं जहाजें बांधलीं कीं, ओकच्या लांकडाचें विलायती जहाज कुजून जाई तेव्हां हीं तरुण असत. ब्रिटिश आरमारासाठीं १८१० मध्यें 'मिंडेन' व १८१३ मध्यें 'कॉर्नवॉलिस' हीं चौऱ्याहत्तर तोफांचीं जहाजें येथें बांधलीं गेलीं. चीनला नमवून १८४२ मध्यें नानकिंगचा तह इंग्रजांनीं याच 'कॉर्नवॉलिस'वर करवून घेतला. १८१७ मध्यें मुंबईस पाण्यांत सोडलेली 'ट्रिंकोमाली' ही फ्रिगेट आजही इंग्लंडांत हार्टलपूल येथें तरंगत आहे. ज्यांना प्रत्यक्ष पुरावा हवा त्यांनीं तिकीट काढून पाहून यावें.

आतां गंमत पाहा. लढाईस हिंदी जहाज चालतें, व्यापारास चालत नाहीं! फ्रान्सशीं युद्ध चालू असतां जहाजांचा तुटवडा पडला, तेव्हां हिंदुस्थानांत बांधलेल्या जहाजांस लंडनची वाट कांहींशी मोकळी झाली. लागलीच टेम्स नदीकांठच्या जहाजें बांधणाऱ्यांनीं गिल्ला केला कीं, आमच्या पोटावर पाय येतो. गव्हर्नर जनरल वेलस्ली यानेंसुद्धां १८०० मध्यें कलकत्त्याच्या बंदरांत हिंदी बांधणीचीं किती जहाजें सज्ज आहेत हें डायरेक्टरांस लिहून कळविलें; परंतु लंडनच्या वजनापुढें कलकत्त्याचें वजन किती पडणार? अखेर १८१५ च्या कायद्यानें हिंदी बांधणीच्या जहाजास नोंदणी मिळाली खरी, पण एका हातानें दिलेलें दुसऱ्यानें काढून घेतलें. या देशचा खलाशी हा ब्रिटिश खलाशी नव्हे, असें त्या कायद्यानें ठरविलें, व १८२३ मध्यें तें पुन्हां स्पष्ट केलें: तो बादशहाच्या मुलखांत जन्मला असला तरीही नव्हे.

हें वाक्य आमच्या कोंकणच्या लोकांनीं वाचावें. चाळीस माणसांच्या जहाजावर तीस ब्रिटिश खलाशी पाहिजेत असा नियम. आणि रत्नागिरीचा, कुलाब्याचा किंवा सुरतेचा खलाशी, जो त्याच सरकारास सारा देतो, त्याच सरकारच्या कोर्टांत शिक्षा भोगतो, तो या तीसांत मोजावयाचा नाहीं. जहाज मुंबईहून विलायतेस त्यानेंच हांकीत न्यावें. परततांना मात्र इंग्रज खलाशी भरावे लागत, व हा अनुभवी गडी पुष्कळदां उतारू म्हणून परत येई. बांधणी येथें स्वस्त, खलाशी येथें स्वस्त, हे दोनच फायदे हिंदी जहाजमालकाजवळ होते. त्यांतला दुसरा या एका व्याख्येनें नाहींसा झाला. जहाज बुडविण्यास तोफच लागते असें नाहीं. कायद्यांतील एखाद्या शब्दाची व्याख्याही पुरते.

न्यायासाठीं दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. आपला जहाजधंदा केवळ या कायद्यानें मेला असें म्हणणें इतिहासास धरून होणार नाहीं. पुढें वाफेचीं यंत्रें आलीं, लोखंडाचीं जहाजें आलीं, १८६९ मध्यें सुएझचा कालवा उघडला, आणि सागवानी शिडाच्या जहाजाचे दिवस जगभर भरले. पण ज्या वेळीं लांकडाकडून लोखंडाकडे वळावयाचें, त्या वेळीं भांडवल, कारखाना व माल या तिन्ही गोष्टी ज्यांच्या हातीं होत्या ते वळले. आम्ही किनाऱ्यावर राहिलों. इकडे इंग्लंडचें व्यापारी आरमार जगांत पहिलें झाल्यावर १८४९ मध्यें त्यानें हा जुना कायदा रद्द केला; स्वतःच्या किनाऱ्यावरील वाहतुकीची राखण तेवढी आणखी पांच वर्षें, १८५४ पर्यंत, सोडली नाहीं. त्यानंतर खुल्या व्यापाराचें पुराण सुरू झालें. पोटभर जेवून उठलेल्यानें पंगतींत नुकत्याच बसलेल्या माणसास उपवासाचें माहात्म्य सांगावें, तसें तें होतें. त्या खुल्या व्यापारांतही आगबोटींच्या इंग्रज कंपन्यांस टपालाच्या कंत्राटापोटीं पैसे मिळत, ते हिंदुस्थानच्या तिजोरींतून.

मिठाचें उदाहरण भाईंदरकरांस जवळचें वाटेल. हिंदुस्थानचा कच्चा माल विलायतेस नेणाऱ्या जहाजांस येतांना भार हवा असे. लिव्हरपूलजवळच्या चेशायरांतील मीठ त्यांनीं जवळजवळ फुकटांत भरून कलकत्त्यास आणिलें; आणि ज्या बंगालला समुद्र लाभला आहे, त्या बंगालांतील मीठ पिकविणारे देशोधडीस लागले. जहाज ज्याचें, त्याचें भाडें. आणि भाडें ज्याच्या हातीं, त्याच्या हातीं बाजार! ठाणें जिल्ह्याच्या आगरांचें मीठ पूर्वीं गलबतांनीं मलबारकिनाऱ्यापर्यंत जाई. १८६४ मध्यें बी. बी. सी. आय. रेल्वेचा मार्ग खाडी ओलांडून मुंबईस पोंचला, तेव्हां तें गाडींतही चढलें. पण आगरावर नाकें सरकारचें, वजन सरकारचें, कर सरकारचा; आगऱ्याच्या हातीं फावडें तेवढें राहिलें. १९३० मध्यें वडाळ्यास आणि शिरोड्यास लोकांनीं लाठ्या कां खाल्ल्या, हें येथें निराळें सांगावयास नको. तो कर १९४७ मध्यें उठला.

समुद्रावरील लढा मात्र इतका दिसला नाहीं, म्हणून तो लोकांस ठाऊकही नाहीं. तुतिकोरीन येथें व्ही. ओ. चिदंबरम् पिळ्ळै यांनीं १९०६ मध्यें स्वदेशी आगबोट कंपनी काढली. दोन वर्षांत ते तुरुंगांत होते. आमच्याकडे सोलापूरचे वालचंद हिराचंद व मुंबईचे नरोत्तम मोरारजी यांनीं २७ मार्च १९१९ रोजीं सिंदिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी स्थापिली. ग्वाल्हेरच्या शिंदे सरकारांचें युद्धांत इस्पितळ म्हणून वापरलेलें जहाज विकत घेऊन त्यांनीं तें, 'लॉयल्टी' या नांवानें, ५ एप्रिल १९१९ रोजीं मुंबईहून लंडनकडे पाठविलें. त्यांच्यावर तोफ कोणीं डागली नाहीं. किनाऱ्यावर ठाण मांडून बसलेल्या ब्रिटिश कंपन्यांनीं भाडीं पाडलीं, इतकेंच. शिवाय त्यांच्याजवळ एक नामी हत्यार होतें. जो व्यापारी वर्षभर आमच्याच बोटींनीं माल पाठवील, त्यास भाड्यांतील कांहीं भाग परत मिळेल. पण तो ताबडतोब नव्हे, कांहीं महिन्यांनीं. मधल्या काळांत एक गांठोडें जरी दुसऱ्याच्या बोटींत चढविलें तरी सांचलेली सगळी सूट बुडाली! व्यापाऱ्याचाच पैसा ओलीस धरून त्याच्याकडून इमान वसूल करण्याची ही युक्ति. १९२३ मध्यें सिंदिया कंपनीस अखेर दहा वर्षांचा करार करावा लागला, व किनाऱ्यापलीकडे पाऊल न टाकण्याच्या अटीवर तिला जगूं देण्यांत आलें.

किनाऱ्याचा व्यापार हिंदी जहाजांसाठीं राखावा, अशी शिफारस १९२४ मध्यें सरकारनेंच नेमलेल्या समितीनें केली. त्या शिफारशींपैकीं नाविक शिक्षणाची तेवढी पार पडली. 'डफरिन' हें शिक्षणाचें जहाज १९२७ मध्यें मुंबईस उभें राहिलें. शिकलेल्या मुलांनीं चालवावयाचीं जहाजें मात्र दुसऱ्यांचीं. १९२८ मध्यें साराभाई हाजी यांनीं मध्यवर्ती कायदेमंडळांत किनारा राखण्याचें विधेयक आणलें, तेव्हां ज्यांच्या पूर्वजांनीं दोनशें वर्षें हेंच केलें होतें त्यांनीं त्यास लूट म्हटलें. विधेयक पास झालें नाहीं. पुन्हां कोणी असें करूं नये म्हणून १९३५ च्या हिंदुस्थान सरकारच्या कायद्यांत ११५ वें कलम घालून ठेविलें: विलायतेंत नोंदलेल्या जहाजास हिंदी जहाजाहून निराळें वागवितां येणार नाहीं, विलायत जितका भेद हिंदी जहाजाशीं करील तितकाच फार तर तुम्ही करा. ऐकावयास किती समतोल! ज्यांनीं आपला कायदा काम उरकल्यावर आपण होऊन टाकून दिला होता, त्यांस ही परस्परता विनाखर्चाची होती.

हें सर्व इंग्रजांच्या माथीं मारून मोकळें होणें आम्हांस पसंत नाहीं. सवलतीच्या आशेनें परक्या बोटींत माल चढविणारे हात आमच्याच पेढ्यांवरचे होते. आणि त्याच्याही मागें जाऊन पाहावें तर समुद्र ओलांडला म्हणजे धर्म बुडतो, प्रायश्चित्त घ्यावें लागतें, असें शास्त्र काढणारे विलायतेंतून आलेले नव्हते. ज्यांच्या हातीं लेखणी व भांडवल, त्यांनीं दर्याकडे पाठ फिरविली. ज्यांच्या हातीं वल्हें व सुकाणूं, त्या कोळ्याभंडाऱ्यांस, दालदी मुसलमानांस आणि उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांस आम्ही शाळेच्या व पेढीच्या उंबऱ्याबाहेर ठेविलें. समुद्राचें ज्ञान एकीकडे व हिशेबाची वही दुसरीकडे, अशा समाजावर परक्याचा कायदा लादणें कितीसें अवघड? हा दोष कोणत्याही कलमानें झालेला नाहीं, आणि तो आज संपूर्ण गेला आहे असें ज्यास वाटत असेल त्यानें उत्तनच्या बंदरावर एकवार जाऊन यावें.

स्वातंत्र्यानंतर थोडक्याच वर्षांत किनारी व्यापार हिंदी जहाजांसाठीं राखला गेला, व १९५८ च्या मर्चंट शिपिंग कायद्यानें परदेशी जहाजास परवान्यावांचून त्यांत येण्याची बंदी झाली. जो हक्क ११५ व्या कलमानें नाकारला होता, तो आपण वापरला. यांत गैर कांहीं नव्हतें. पण राखणीस खर्च असतो आणि तो भाड्यांतून माल पाठविणाराच देतो, हेंही खरें. मे २०१८ मध्यें सरकारनें आयात-निर्यातीचे कंटेनर एका हिंदी बंदरांतून दुसऱ्यांत नेण्यास परदेशी जहाजांस परवान्याची अट काढून टाकली, तेव्हां जहाजमालक रागावले व निर्यात करणारे खूश झाले. दोघेही हिंदीच! म्हणून 'स्वदेशी' या एका शब्दानें आतां निकाल लागत नाहीं. कोणाच्या स्वदेशीचें रक्षण होतें, तें कलमवार पाहिलें पाहिजे.

२०२५ च्या कायद्यानें हिंदी जहाजास किनाऱ्यावर व्यापार करण्यासाठीं परवान्याची गरज ठेविली नाहीं. परदेशी जहाजास मात्र परवाना लागेल, व तो नौवहन महासंचालक अटी घालून देतील. देशाजवळ आपल्याच नागरिकांच्या मालकीचा किनारी जहाजांचा ताफा असावा हा हेतु त्यांत सांगितला आहे. किनारी व अंतर्गत जलवाहतुकीची एक राष्ट्रीय योजना दोन वर्षांच्या आंत तयार करावयाची, असेंही त्यांत आहे. या तिन्ही गोष्टींचें आम्ही स्वागत करतों. कार्ताझाच्या किल्ल्यासमोर राहणाऱ्या आम्हांस, आपल्या किनाऱ्यावर आपल्या जहाजास परवाना नको, हें वाक्य वाचून कांहीं वाटलें नाहीं असें म्हणणें खोटें होईल.

परंतु योजना कोणास विचारून होणार? मुंबईच्या उत्तरेस डहाणूजवळ वाढवण येथें सुमारें ७६,००० कोटी रुपयांचें बंदर व्हावयाचें आहे. त्याची कोनशिला ३० ऑगस्ट २०२४ रोजीं बसली. तेथील मच्छीमारांनीं वर्षानुवर्षें त्यास विरोध केला आहे. त्या बंदराच्या बऱ्यावाइटाचा संपूर्ण ऊहापोह येथें करण्याचा आमचा विचार नाहीं. बंदरें हवींत, हें आम्ही वर इतकें लिहूनच बसलों आहों. पण मोठ्या जहाजाच्या वाटेंत जाळीं तुटतात व मासळीच्या जागा मोडतात, ही कोळ्याची तक्रार म्हणजे प्रगतीस आडवें येणें नव्हे. १८२३ च्या कायद्यानें ज्यास खलाशांत मोजलें नाहीं, त्याचाच हा वंशज आहे. त्यास आपल्या कायद्यानें 'किनारी हितसंबंधीयां'त मोजावें, एवढें मागण्याचा त्यास हक्क आहे.

आणि मीरा-भाईंदरच्या व्यापाऱ्यांनीं तरी स्वस्थ कां बसावें? या शहरांत पोलादी भांड्यांचे कारखाने आहेत, गाळ्यागाळ्यांतून छोटे उद्योग आहेत, त्यांचा माल घोडबंदरच्या रस्त्यावर अडकून पडतो, डिझेल जळतें, आणि दाराशीं भरती-ओहोटीची खाडी रिकामी वाहते. रस्त्यापेक्षां पाण्यावरून जड माल नेण्यास इंधन कमी लागतें, हें आतां कोणास पटवून द्यावयास नको. मोटारींची बोट चालूं शकते, तर मालाची कां नाहीं? धक्क्यावर माल चढविण्याची सोय, खाडींतील गाळ वेळेवर काढणें, आणि लहान हिंदी बोटवाल्यास मोठ्या कंपनीइतक्याच अटींवर धक्का मिळणें, या गोष्टी त्या राष्ट्रीय योजनेंत लिहिल्या जातात कीं नाहीं, यावर पुढील पंचवीस वर्षें ठरावयाचीं आहेत. लहान बोटवाल्याच्या बाबतींत तर विशेष जपलें पाहिजे. कारण मागील सवलतींचा व भाडेपाडीचा खेळ परक्यानेंच खेळावा असा कांहीं नियम नाहीं, तो आपलाही धनवान माणूस उत्तम खेळूं शकतो.

तेव्हां आमची सूचना अशी कीं, भाईंदरच्या व्यापारी मंडळांनीं व उत्तन, पाली, चौक येथील मच्छीमार सोसायट्यांनीं एकत्र बसावें. हे दोन वर्ग एकाच महापालिकेंत राहतात, पण एका सभेंत क्वचित् बसतात. या वेळीं बसावें. आपापल्या मालाचा, बोटींचा, धक्क्यांचा व मासळीच्या जागांचा आंकडेवार तपशील तयार करावा, आणि योजना कागदावर येण्यापूर्वीं तो मुंबईस नौवहन महासंचालकांच्या कचेरींत नेऊन द्यावा. पोंच घेतल्याशिवाय परतूं नये.